मंडईत टीव्ही नको

गावोगावच्या मंडईचा, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेचा, हंगाम लागला आणि पहिल्याच आठवड्यात संताप आला. आमगावकडच्या एका गावात खडी गंमत या आमच्या लोकनाट्याच्या शाहिराला मंडळाची पोरं सांगत होती, "शाहीर, जरा टीव्हीवानी करा ना!" जो विनोद टीव्हीवरच थकला, त्याची नक्कल आमच्या शाहिरानं का करावी?

टीव्हीवरच्या 'चला हवा येऊ द्या' या विनोदी कार्यक्रमाविषयीचं माझं मत जुन्या वाचकांना ठाऊक आहे. ऑगस्ट 2014 मध्ये त्यातली थुकरटवाडी वसली, तेव्हा मी तिच्या बाजूनं लिहिलं. भाऊ कदमांचा भांबावलेला चेहरा, भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी, सागर कारंडेंचा पोस्टमन वाचायचा ती अरविंद जगतापांची पत्रं, या सगळ्यात गाव होतं. मार्च 2024 मध्ये कार्यक्रम थांबला. जुलै 2025 मध्ये नवा सूत्रसंचालक आणि 'कॉमेडीचं गँगवॉर' असं शेपूट घेऊन तो परतला. घसरण त्याच्या कितीतरी आधीची आहे. तिचा दोष मी कलाकारांना देत नाही.

दोष समोरच्या सोफ्याचा आहे. नव्या सिनेमाची मंडळी तिथं पाहुणी म्हणून बसायची आणि प्रहसनही बहुतेकदा त्यांच्याच सिनेमावर व्हायचं. ज्याची जाहिरात करायची त्यालाच हसवायचं, म्हटल्यावर त्याला झोंबेल असं बोलणार कोण?

आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकाला समोर बसतो तो तिकीट काढून आलेला माणूस. धान घरात आलेलं असतं. तो रात्री बसतो तो पहाटेपर्यंत उठत नाही. पण विनोदी पात्र फिकं पडलं, तर तिथल्या तिथं गलका करतो. देवरीत पडलेला विनोद सडक अर्जुनीत तसाच नेण्याची कुणाची छाती नसते. होळीनंतर हंगाम सरतो, कलावंत शेतीकडे वळतात आणि पुढच्या हंगामासाठी वडशात नवी नाटकं बसतात. वाहिनीला असा हंगाम नाही. तिथं आठवड्यामागून आठवडा, जवळजवळ दहा वर्षं, त्याच लेखकांनी आणि नटांनी हसवत राहायचं. शेतसुद्धा उन्हाळ्यात मोकळं राहतं, तेव्हा पुढचं धान पिकतं.

आमच्यात आणि टीव्हीत साडीचाही असाच फरक आहे. खडी गमतीतला नाच्या गातो, नाचतो, शाहिराशी सवाल-जवाब करतो. त्याची साडी ही भूमिकेची सुरुवात असते. टीव्हीवर पुरुष साडी नेसला की विनोद झाला असं धरतात.

वाहिन्यांनी माणसं शोधायला वडशाला यावं, हा माझा हट्ट कायम आहे. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच झाडीपट्टी रंगभूमीच्या सेवेसाठी.

मंडई मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. शाहिराला फर्माईश करायचीच, तर आपल्या गावावर करा. सोसायटीचं राजकारण, धानाचा रखडलेला चुकारा, सरपंचाची घोषणा, यावर त्याला बोलू द्या. टीव्हीची नक्कल मागू नका.