भांडवलाआधी ग्रंथ

कोळगाव-बोईसरच्या व्यापारी घरातील मुलाला गणिताने बाजाराची जोखीम मोजणारा ‘क्वांट’ व्हायचे असेल, तर वाचनाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. जैन गणिती महावीराचार्यांच्या नवव्या शतकातील ‘गणितसारसंग्रहा’त व्याजाची उदाहरणे आहेत, सोलापुरातून १९६३ साली त्याचा हिंदी अनुवाद निघाला. त्यातून मुद्दल, मुदत आणि व्याज यांचे नाते उमगते. पुढे अनिश्चितता मोजण्यासाठी शेल्डन रॉस यांचे संभाव्यताशास्त्र आणि त्यानंतरच जॉन हल यांचा ऑप्शन्सवरील ग्रंथ वाचावा. हा क्रम उलटला की विद्येचा सट्टा होतो. सेबीच्या २०२४ मधील अभ्यासानुसार शेअर बाजाराच्या वायदे-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दहांपैकी नऊंहून अधिक व्यक्तींना तोटाच झाला. पालकांनी मुलाच्या हाती आधी ग्रंथ द्यावेत, भांडवल नंतर.