लांब मैदान आणि क्षमाशील क्लब
गोल्फची मैदाने उत्तरोत्तर लांबत गेली, ७००० यार्डांची लांबी ही नवलाईची बाब उरली नाही, आणि तरीही रविवारच्या सकाळी खेळणारा हौशी खेळाडू जेव्हा व्यावसायिकांच्या अनुकरणाने पातळ, सुबक ब्लेड आयर्न पिशवीत बाळगतो, तेव्हा तो स्वतःवर विनाकारण अन्याय करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी, १९५९ साली पिंग ही कंपनी स्थापन करून, क्लबच्या डोक्यातील वजन मध्यभागातून काढून कडांकडे वाटून देण्याचे तत्त्व रूढ केले; त्यामुळे चेंडू टोकाकडे लागला तरी पाते हातात कमी वळते आणि चेंडूचा वेगही फारसा घटत नाही. दुसरा फटका १८० यार्डांवरून मारायचा असता, मध्यबिंदूपासून अर्धा इंच हुकलेला चेंडू ब्लेडने पुष्कळदा बंकरमध्ये जमा होतो, तर अशा कडांकडे वजन असलेल्या, पोकळ पाठीच्या आयर्नने निदान ग्रीनच्या तोंडाशी पोहोचण्याची आशा असते.

नियमांनीच १४ क्लबांची मुभा दिली, ड्रायव्हरच्या डोक्यास ४६० घन सेंटिमीटरांची मर्यादा घातली. त्या मर्यादेपर्यंतचा लाभ घेण्यात कमीपणा कसला? ३ आणि ४ क्रमांकाची आयर्न बेलाशक रद्द करून त्यांच्या जागी हायब्रिड या संमिश्र क्लबची तजवीज करावी, कारण त्याचे वजन खाली व मागे असल्याने चेंडू सहज उंच उठतो. ड्रायव्हर निवडताना मात्र सर्वांत लांब गेलेल्या एका फटक्यावर भिस्त न ठेवता, वाईटात वाईट फटका कोठे गेला याची बारकाईने तपासणी करावी, आणि साडेदहा अंशांहून कमी लॉफ्टचा, म्हणजे पात्याच्या कलाचा, मोह टाळावा.