रेफर चिठ्ठीवर एकच बीपी? बाकीचे आकडे गेले कुठे?

पेणच्या रामवाडी एसटी स्थानकात अलिबाग-पनवेलच्या गाडीची वाट बघणाऱ्यांत कुणाच्या तरी हातात पिशवीतली रिपोर्टची फाइल असतेच. पुढच्या दवाखान्यात त्यातला बहुतेकदा शेवटचा कागद बघितला जातो. मागचे बाद. माझ्या मते घोळ इथेच होतो.

समजा, किडनीच्या १० रुग्णांपैकी आठ जणांचं क्रिएटिनिन २ आणि दोघांचं ७ आहे. सरासरी ३. सहा महिन्यांत ते दोघं दगावले आणि उरलेल्या आठांचं वाढून २.५ झालं. आता सरासरी २.५! प्रत्येकाची तब्येत बिघडली, दोन जीव गेले आणि कागदावर मात्र सुधारणा.

संख्याशास्त्रात यावर 'जॉइंट मॉडेल' नावाची पद्धत आहे. एड्सच्या रुग्णांच्या सीडी४ पेशींच्या अभ्यासातून ती १९९०च्या दशकात पुढे आली. तिचा एक भाग प्रत्येक रुग्णाच्या विस्कळीत आकड्यांतून त्याची स्वतःची रेषा काढतो. दुसरा भाग त्या रेषेची आजची उंची आणि चढ-उतार बघून जिवाचा धोका काढतो. दोन्ही गणितं एकत्र सोडवायची, त्यामुळे मृत्यूने थांबलेली मोजणीही हिशेबात येते. (बेअरिंग कधी जाईल हे कंपनांवरून काढायला आम्ही इंजिनिअरिंगला शिकलो. माणसांसाठीही असं काही आहे, हे नोकरीत आल्यावर कळलं!)

नोंदींची ताकद रायगडने फार आधी पाहिली आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून नाडी, बीपी, घाम, गार पडणारे हातपाय टिपत राहिले. धोक्याच्या आधी दिसणाऱ्या खुणा त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडल्या. पुढे प्राझोसिनचा वापर सुरू झाला आणि सुमारे ४० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्यापर्यंत आलं. २०११ मध्ये 'बीएमजे'त त्यांचा ७० रुग्णांचा अभ्यास आला. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले, नुसतं प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. जॉइंट मॉडेल इथे नव्हतं, पण घड्याळ होतं.

माझ्या काकांना एका दवाखान्यातून रात्री दुसरीकडे हलवलं, तेव्हा चिठ्ठीवर एकच बीपी होता आणि वेळ लिहिलेली नव्हती. तो घसरत होता की सावरत होता? पुढच्या डॉक्टरांनी आम्हालाच विचारलं. आम्ही काय सांगणार!

रेफर चिठ्ठीवर वेळेसह किमान तीन रीडिंग सक्तीची करा. एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असतो, मान्य. पण यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, चिठ्ठीवर छापलेला चार ओळींचा तक्ता पुरतो. मोबाइलवर अपलोड केलेला कागदाचा धूसर फोटो मात्र कुठल्याच मॉडेलच्या कामाचा नाही.

तोवर घरची फाइल तारखेप्रमाणे लावा. बीपी-शुगर मोजली की आकड्याशेजारी वेळही लिहा.