ऋतू पालटताना घराचीही दिनचर्या पालटावी

'होळी जळाली, थंडी पळाली' असे आपण सहज म्हणतो. परंतु धाराशिव जिल्ह्यात थंडी अशी एकाएकी पळत नाही. बालाघाटाच्या पठारावर फाल्गुनातील पहाट अजून पांघरूण मागते आणि त्याच दिवशी दुपारी पारा ३५ अंशांच्या आसपास जातो. तरुण शरीर हा चढउतार पचवते. सत्तरी ओलांडलेल्या शरीराला ते कठीण जाते. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, घाम उशिरा व कमी येतो आणि त्वचेवाटे उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती घटते. म्हणून 'मला काही उकडत नाही' हे आजोबांचे उत्तर प्रामाणिक असले, तरी त्यावर विसंबून राहता येत नाही. शरीर जी सूचना वेळेवर देत नाही, ती घरातील माणसांनी ओळखावी लागते.

आपल्या भागातील जुन्या घरांना ऊन-थंडी सांभाळण्याची रीत ठाऊक होती. दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेले माळवद. दुपारचे ऊन एवढ्या जाडीतून आत पोहोचेपर्यंत दिवस कलून जाई आणि छतातील साण्यातून गरम हवा वर निघून जाई. पौषात त्याच भिंती ऊब धरून ठेवत. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपेत असताना झालेल्या भूकंपात याच जड भिंती आणि माळवदे माणसांवर कोसळली. लातूर जिल्ह्यातील किल्लारीप्रमाणेच आपल्याकडील सास्तूर आणि परिसरातील गावांनी तो घाव सोसला. त्यानंतर विटांची, सिमेंटच्या ठोकळ्यांची, स्लॅबची आणि पत्र्याची घरे आली. तो बदल आवश्यकच होता. जुन्या घरांची हळहळ करून उपयोग नाही.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. आज जे पंचाहत्तरीचे आहेत, त्यांच्या सवयी माळवदाखाली घडल्या. 'दुपारी बाहेर फिरू नये, घरात गार असते' हा त्यांचा नियम त्या घरात अचूक होता. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता तो नियम उलटा ठरू शकतो. आतल्यापेक्षा दारातल्या लिंबाखाली अधिक गारवा असतो. म्हणून उन्हाळ्याची तयारी करताना प्रथम आपल्या घराचा स्वभाव ओळखावा.

पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतो. त्यामुळे पत्र्याच्या घरात धोक्याची वेळ साधारणतः अकरा ते पाचची. या काळात वृद्धांची बसण्याची, पडण्याची सोय झाडाच्या दाट सावलीत, ओसरीवर किंवा शेजारच्या गार घरात करावी. स्लॅबचे तसे नाही. तो दिवसभर ऊन पितो आणि दिवेलागणीनंतर ती उष्णता खाली सोडू लागतो. बाहेर वारा सुटलेला असतो, तरी आतील माणूस मध्यरात्रीपर्यंत भाजत राहतो. अशा घरात वृद्धांचे अंथरूण थेट तापलेल्या छताखाली, वरच्या मजल्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून नसावे.

खोलीत एक साधा तापमापक टांगावा आणि आठवडाभर दुपारी तीन व रात्री नऊ वाजताचे आकडे वहीत लिहावेत. दिवसा खोलीचे तापमान ३२ अंशांच्या आणि रात्री २४ अंशांच्या खाली असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. वैशाखात आपल्याकडे हे नेहमी साधणार नाही. पण कोणती खोली कोणत्या वेळी अधिक तापते, हे आकड्यांवरून कळेल आणि आजींची खाट कोठे हलवायची याचा वाद राहणार नाही.

त्यानंतरची कामे फार खर्चाची नाहीत. सकाळी ऊन चढू लागताच खिडक्या, दारे आणि पडदे लावून घ्यावेत; बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गार झाली की ती सताड उघडावीत. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवणे म्हणजे झळा घरात घेणे होय. स्लॅबवर होळीपूर्वीच चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवून लावतो. पत्र्यावर कडबा किंवा उसाचे पाचट पसरता येते, परंतु चूल, धुराडे आणि विजेच्या तारा जवळ असतील तर हा उपाय टाळावा. खिडकीवर बाहेरून सावली केल्यास ती आतील पडद्यापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण ऊन काचेच्या आत येण्यापूर्वीच अडते.

पंखा हवा गार करत नाही, केवळ हलवतो. पारा ४० अंशांच्या पुढे गेला की कोरड्या अंगावर नुसता पंखा गरम हवाच मारत राहतो. अशा वेळी ओल्या फडक्याने हात, मान, पाय पुसून मग वारा घ्यावा. कूलर चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो. पण त्याच्या समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो. पावसाळी हवेत तो फारसा उपयोगाचा नाही. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढावाच. ओल्या हाताने, अनवाणी त्याला स्पर्श करणे जिवावर बेतू शकते. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी करावी, म्हणजे डेंग्यूच्या डासांची पैदास होणार नाही. पाणीटंचाईच्या दिवसांत कूलर चालवणे परवडत नसेल, तर तांब्याभर पाणी आणि ओले फडके यांची किंमत कमी लेखू नये.

गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी कढत झालेले असते. वृद्धांना त्या वेळी स्नान घालायचे असल्यास पाणी सकाळीच बादलीत काढून ठेवावे. पिण्याचे पाणी मागण्याची वाट पाहू नये. तांब्या हाताशी ठेवून थोडे थोडे देत राहावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घेण्यास सांगितले असेल, तर उन्हाळ्यात किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारावे. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे उन्हाळ्यात अशक्तपणा किंवा चक्कर येऊ शकते. त्या स्वतःहून बंद करू नयेत. मात्र ऋतू पालटताना एकदा डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

बोलण्यात असंबद्धपणा, ओळख न पटणे, तोल जाणे, अंग तापलेले असणे ही लक्षणे दिसली, तर 'वयामुळे होते' म्हणून थांबू नये. हा उष्माघात असू शकतो. तत्काळ १०८ वर फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, मान आणि काखेत ओली फडकी ठेवावीत. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही.

हेच भान कार्तिक सरताना उलट दिशेने ठेवावे. पातळ भिंतीचे घर जसे लवकर तापते, तसेच लवकर गारठते. खोली १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. दिवसा खिडक्या उघडून ऊन आत घ्यावे, सायंकाळी लवकर बंद कराव्यात, अंथरुणाखालीही एक जाड वाकळ घालावी. परंतु बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.

वाचकहो, या पंधरवड्यात तापमापक टांगावा, चुना कालवावा, कूलरची वायर तपासून घ्यावी. आणि घरातील वडीलधाऱ्यांची खाट हलवण्यापूर्वी त्यांच्याशी बोलावे. सवयीची जागा सोडणे त्यांना जड जाते. वहीतले आकडे दाखवून, कारण समजावून सांगितले तर ते बहुधा मानतात. माळवदाखाली ऊन-सावलीचे गणित सांभाळत त्यांनी आयुष्य काढले आहे.