निसर्ग वादळ: हेक्टरात न मावलेलं नुकसान

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. ताशी ११०-१२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्यापासून मंडणगड, दापोलीपर्यंतचा पट्टा झोडपून काढला आणि काही तासांत वादळ पुढे निघून गेलं. दरवर्षी ही तारीख आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, “मोठं संकट होतं, पण जीवितहानी फार झाली नाही.”

या वाक्यातलं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. १९९९ साली ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली होती. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये ‘फयान’ आलं तेव्हा कोकणातले अनेक मच्छीमार समुद्रातच होते, त्यातले कित्येक परतले नाहीत. निसर्गच्या वेळी हवामान खात्याने आधी इशारा दिला, होड्या बंदरात बोलावल्या गेल्या, किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना हलवलं गेलं. तेही कोरोनाच्या टाळेबंदीत, जेव्हा चार माणसं एका खोलीत बसवणंही जोखमीचं होतं. ज्यांनी हे केलं त्यांचे आभार मानलेच पाहिजेत.

माझी तक्रार त्यानंतरची आहे. मेलेली माणसं मोजण्यात सरकार तरबेज झालंय. वाचलेल्या माणसाचं काय गेलं, हे मोजायला त्याच्याकडे आजही योग्य माप नाही.

माझ्या मामूंची वाडी दहा गुंठ्यांची. श्रीवर्धनच्या बाजूला वाडी म्हणजे माड आणि पोफळी. इथली रोठा सुपारी नावाजलेली. त्या दुपारी मामूंच्या नव्वद पोफळी आणि अकरा माड आडवे झाले. सरकारने फळबागेची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली. आधी ती १८ हजार होती, म्हणून घोषणेचं कौतुकही झालं. पण हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. हिशेब केला तर गुंठ्याला पाचशे रुपये, म्हणजे मामूंच्या सगळ्या वाडीला पाच हजार.

ओरड झाल्यावर झाडागणिक मदत द्यायचं ठरलं, माडाला २५० आणि पोफळीला ५० रुपये. मामूंच्या वाट्याला त्या हिशेबाने सव्वासात हजार येतात. पडलेली झाडं तोडून वाडी साफ करायची मजुरीच त्याच्या दुपटीहून जास्त झाली. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, माडालाही जवळपास तेवढीच. भाताचं पीक बुडालं तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं. बागायतदाराची वाडी पडली तर त्याची सहा-सात वर्षं पडतात. ज्या मापाने घाटावरचं शेत मोजतात त्याच मापाने कोकणातली वाडी मोजली, की कागदावर नुकसान दिसतच नाही.

हे पैसे तरी हातात पडले का? वाडीचा सातबारा आजोबांच्या नावावरून उतरून अकरा वारसांच्या नावावर आलेला. त्यातले दोघे कुवेतला, एक केपटाऊनला, तिघे मुंबईत. कचेरीत सांगितलं, सगळ्यांचं संमतीपत्र आणा. टाळेबंदीत आंतरराष्ट्रीय विमानं बंद, गावात वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. संमतीपत्र आणायचं कुठून? कोकणात कुठल्याही गावात जा, कुणबी असो, कोळी असो, भंडारी असो की मुसलमान, सातबाऱ्यावर नावांची अशीच रांग असते. घर इथे आणि कमावता माणूस मुंबईत किंवा आखातात, ही कोकणाची जुनी रीत आहे. सरकारला ती ठाऊक नाही असं कोण म्हणेल? निवडणुकीत मुंबईहून गाड्या भरून मतदार आणताना ती सगळ्यांना बरोबर आठवते.

आणि हे झालं कागदावर नाव असलेल्यांचं. माडावर चढून नारळ पाडणाऱ्याच्या नावावर एकही माड नसतो. वाडी पडली तशी त्याची रोजीरोटी गेली, पंचनाम्यात मात्र तो नाही. किनाऱ्यावर सुकट वाळवणारी बाई, खाडीत कालवं काढणारी बाई, दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाणारा पोरगा, यांच्यासाठी अर्जात रकानाच नव्हता. रत्नागिरीकडच्या दाल्दी मुसलमानांपासून रायगडच्या कोळ्यांपर्यंत, मासळीवर जगणाऱ्या घरांत बोटमालक मोजके आणि बाकीचे त्यांच्याकडे राबणारे. मदत मालकाच्या दारापर्यंत येऊन थांबते.

वाऱ्याची बातमी झाली, पाण्याची फारशी झाली नाही. आमच्या खाडीकाठच्या गावात खारभूमीचा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. असं पाणी शिरलेल्या जमिनीत दोन-तीन वर्षं भात धड होत नाही. बांध आधीच खचला होता, गावाने त्यासाठी अर्ज दिले होते. वादळाने फक्त उरलेलं काम पूर्ण केलं. कांदळवन लाटांचा जोर मोडतं, हे आमच्या आज्या-आजोबांना माहीत होतं. कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं मुंबई उच्च न्यायालयानेही २०१८ साली सांगितलं. तरीही कुठे कोळंबीच्या तलावासाठी, कुठे भरावासाठी कांदळवन तुटतंच. मग पाणी घरात आलं की आपण त्याला नैसर्गिक आपत्ती म्हणतो.

आता थोडं आपल्या माणसांविषयी. ज्यांना सरकारवरची टीका आवडली त्यांनी पुढचंही वाचावं.

वादळानंतर आठवडाभरात मोबाइलवर तकरीरी फिरू लागल्या. हा अल्लाहचा अजाब आहे, बायका बेपर्दा फिरतात म्हणून आला, पोरं नमाज पढत नाहीत म्हणून आला. ज्या बेवा बाईच्या घरावरची कौलं उडाली, तिने असा कोणता गुनाह केला होता? आणि ज्यांचे सिमेंटचे बंगले शाबूत राहिले ते काय मोठे परहेजगार होते? ज्याचं घर कच्चं त्याचं उडालं, एवढा साधा हिशेब आहे. त्यावर अजाबचा शिक्का मारला की बांध का फुटला, हे विचारायची जबाबदारी संपते. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवतो म्हणणाऱ्या माणसाला रसूलल्लाहंनी आधी उंट बांधायला सांगितलं होतं. ही हदीस आपण पोरांना शिकवतो आणि स्वतः विसरतो.

जमातींनी काम केलं, हे मान्य. ताडपत्र्या, रेशन, पत्रे घेऊन टेम्पो आले, मशिदींतून वाटप झालं, कित्येक ठिकाणी ते सर्व धर्मांच्या लोकांना झालं. पण रस्त्याकडेच्या गावांना तीन-तीनदा किट मिळालं आणि डोंगरामागच्या वाड्यांना एकदाही नाही. यादी कुणाकडेच नव्हती. इमदाद देणाऱ्याची नियत साफ असली तरी यादीशिवाय ती गरजूपर्यंत पोहोचत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला लाज वाटते. संमतीपत्रासाठी सातबारा काढला तेव्हा अनेक घरांना आपल्या बहिणी आठवल्या. शरीयतने दिलेला त्यांचा हिस्सा वर्षानुवर्षं कुणी दिला नव्हता. सही हवी म्हणून फोन गेले आणि सही मिळाल्यावर आलेल्या रकमेतूनही त्यांना काही मिळालं नाही. सरकारने आपल्याला मोजलं नाही ही तक्रार करताना आपण घरात कुणाला मोजलं नाही, तेही बघावं.

मागण्या फार मोठ्या नाहीत. नारळ-सुपारीच्या मदतीचा दर झाडाचं वय आणि पुढची बुडणारी वर्षं धरून वादळाआधीच ठरलेला असावा, ओरड झाल्यावर नव्हे. सामाईक सातबाऱ्यावर वाडी कसणाऱ्याला ग्रामसभेच्या दाखल्यावर मदत मिळावी. खलाशी, मजूर, मासळी विकणाऱ्या बायका यांची नोंद शांततेच्या काळात व्हावी. खारबांधांची दुरुस्ती पावसाळ्याआधी व्हावी. निसर्गमध्ये अनेक शाळांचेच पत्रे उडाले. तेव्हा लोकांना हलवायचं ते अशा इमारतीत, जिचं छप्पर टिकेल.

हे सगळं पुढच्या वादळासाठी. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. निसर्गनंतर वर्ष व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ कोकणाला झोडपून गेलं. आमच्याकडे वादळ येत नाही, असं म्हणायचे दिवस गेले.

तोवर प्रत्येक गावाच्या जमातीने, मोहल्ला कमिटीने आणि ग्रामपंचायतीने एकत्र बसून एक वही तरी करावी. कच्ची घरं किती, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आणि बेवा बायका कुठे, खाटेवरून उठू न शकणारे कोण, पक्की इमारत कोणती, बांध कुठे खचलाय. दोन संध्याकाळींचं काम आहे. मामूंनी पोफळीची नवी रोपं लावली आहेत. ती अजून माझ्या खांद्याला लागतात. त्यांना सुपारी धरायच्या आत पुढचं वादळ आलं, तर निदान त्या वहीत मामूंचं नाव असावं.