वाटप थांबवा, काम द्या

जामनेर तालुक्यातील व्यापारी, जिनिंगमालक, सरपंच, नगरसेवक व समस्त नागरिक बंधुभगिनींस सविनय निवेदन.

दरसाल ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाच्या निमित्ताने, मांडव पडतात, तीनचाकी सायकली ओळीने उभ्या राहतात, मान्यवरांच्या हस्ते त्यांचे वाटप होते, छायाचित्रे निघतात. आणि मांडव उतरल्यावर त्या सायकलीवर बसून जायचे कोठे, हा प्रश्न ज्याला ती मिळाली त्याच्या एकट्याच्या पदरी उरतो. सायकलीविषयी आमची तक्रार नाही. ती जेथे जावी असे कामाचे ठिकाण आपण निर्माण केले नाही, ही तक्रार आहे, आणि ती प्रथम आपणां गावकऱ्यांविरुद्धच आहे.

काम नाकारले जाणे केवळ अपंगांच्याच नव्हे, वयस्कांच्याही वाट्याला येते. आमच्या आळीतील एका गृहस्थांनी ऐन उमेदीची तीस वर्षे जिनिंगच्या काट्यावर घालविली आणि कारखाना बंद पडताच छपन्नाव्या वर्षी ते घरी बसले. मूठभर कापूस दाबून ओल ओळखावी, चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढावी, तंतू जुळवून पुन्हा ओढावे आणि धाग्याची लांबी सांगावी, ही त्यांची विद्या. दोन वर्षे त्यांनी पेढ्या पालथ्या घातल्या. सर्वत्र एकच उत्तर, 'आबा, आता आराम करा.' पुढे त्यांनी पारावर बसणे सोडले, मग लग्नकार्यास जाणेही. गेल्या हंगामात एका व्यापाऱ्याने खरेदीच्या वेळी त्यांना बोलाविले. पहिल्याच गाडीतला कापूस दाबून 'ओला आहे' म्हणताना आबांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत निघाला, हे आम्ही स्वतः ऐकले. 'आधी आत्मविश्वास कमवा, मग कामाचे पाहू' असा उपदेश करणाऱ्यांनी सांगावे, तो आवाज कोणत्या व्याख्यानाने परत आला असता?

अपंगांच्या बाबतीत कायदा मुका नाही. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले व सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखल्या. जळगावास दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पात अंध व अपंग तरुण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, ही खानदेशास भूषणावह गोष्ट आहे. परंतु राज्याच्या नोकरीची वयोमर्यादा अपंगांसाठीही ४५ वर्षांपाशी संपते; ती ओलांडलेल्यांनी किंवा शाळाच न पाहिलेल्यांनी कोणाच्या दारी जावे? रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्यात वयाची वरची अट नाही; पण कामे बहुधा खोदाईची, आणि पाय नसलेल्या माणसास खोदाई दाखविणे म्हणजे नकारच. त्याच कामावर पाणी पाजणे व मजुरांची मुले सांभाळणे हीही कामे असतात. ती अशांसच प्रथम मिळाली पाहिजेत.

ग्रामपंचायतीने व नगरपरिषदेने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणार्थ खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. पुष्कळ ठिकाणी मार्चअखेरीस ती माणशी काही रुपये अशी घाईने वाटतात आणि दप्तरी खर्च पडला की कर्तव्य संपते. त्या रकमेतून एक शिलाई यंत्र, एक पिठाची चक्की, गाळ्याच्या पायरीजागी एक उतार झाला, तर एकेका कुटुंबाची चूल वर्षानुवर्षे पेटती राहील. पैसा तोच आहे. फक्त तो वाटून टाकण्याचा आळस सोडावा लागेल.

'अपंग किंवा वयस्क माणूस ठेवला तर काम खोळंबेल' ही सबब आम्ही रोज ऐकतो. वरोऱ्याच्या आनंदवनाकडे पाहावे. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली. समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांनी तेथील खडकाळ रानात विहिरी खोदल्या, शेती उभी केली, मागावर कापड विणले. बोटे झडलेल्या हातांनी. मग बसल्या जागी दाभणाने पोती शिवणे, काट्याची नोंद ठेवणे, दुकानाचा फोन घेणे, एवढे आपल्या जामनेरात होणार नाही काय?

जिनिंगमालकांनो, पेढीवाल्यांनो, या हंगामात एक तरी माणूस असा ठेवा, आणि त्याला इतरांइतकीच मजुरी द्या. नागरिकहो, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेस अवश्य जा. गेल्या वर्षी ५ टक्क्यांची रक्कम किती झाली व तीतून किती जणांच्या हाताला काम मिळाले, हे उभे राहून विचारा, आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

आपला नम्र,
एक जामनेरकर