विकत घेतलेला तास

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एखाद्या शनिवारी किंवा रविवारी सकाळी गाडीत एएम रेडिओ लावून बघा. आठवडाभर राजकारणावर घसा कोरडा करणारी टॉक स्टेशनं त्या दोन दिवशी एकदम मवाळ होतात. एक भारदस्त, प्रेमळ आवाज विचारतो, निवृत्तीनंतर तुमचे पैसे पुरतील ना? दुसरा आवाज अगदी आपल्या मनातला प्रश्न विचारतो, मग आमच्या श्रोत्यांनी नेमकं करायचं काय? आणि तासाभरात तोच फोन नंबर सात-आठ वेळा कानावर पडतो. पहिल्या दहा जणांना मोफत सल्ला!

भारतातल्या मंडळींसाठी खुलासा: हा स्टेशनचा कार्यक्रम नसतो. तो तास त्या सल्लागाराने स्टेशनकडून चक्क विकत घेतलेला असतो. संगीत एफएमवर गेलं, तरुण श्रोते फोनवर गेले आणि शनिवार-रविवारचे रिकामे तास एएम स्टेशनांना जड होऊ लागले. त्यामुळे वेळ विकणं हा त्यांच्यासाठी सोपा मार्ग. प्रश्न विचारणारा तो दुसरा आवाज बहुतेक वेळा पत्रकाराचा नसतो, त्याच दुकानातला असतो. बरेचसे भाग आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि तो नंबर लागतो थेट सल्लागाराच्या ऑफिसात.

आता यात बेकायदा काहीच नाही. 1934 च्या कम्युनिकेशन्स ॲक्टनुसार पैसे घेऊन काही प्रसारित केलं, तर ते पैसे घेतल्याचं आणि कोणाकडून घेतल्याचं स्टेशनला जाहीर करावं लागतं. ते करतातही. तासाच्या सुरुवातीला एक निर्विकार आवाज भरभर सांगून जातो की हा सशुल्क कार्यक्रम आहे, यातली मतं स्टेशनची नव्हेत. झालं, सुटले! पण रेडिओ कोणी नाटकासारखा पहिल्या घंटेपासून ऐकतं का? आपण दूध आणायला निघतो, मधेच लावतो, मधेच बंद करतो. ते एक वाक्य ज्याने ऐकलं नाही, त्याच्या दृष्टीने तो माणूस 'रेडिओवरचा तज्ज्ञ' असतो.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. जाहिरातीला माझी ना नाही. बिनाका गीतमालेच्या नावातच टूथपेस्ट होती आणि त्यामुळे गाण्यांची गोडी काही कमी झाली नाही. आपल्याकडे एलआयसीचे एजंट घरी यायचे, चहा-पोहे व्हायचे, पण आलेला माणूस एजंट आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. इथे एजंट वार्ताहराचा कोट घालून येतो. शनिवार-रविवारी पैशांवर बोलणारे खरेखुरे कार्यक्रमही होते. बॉब ब्रिंकर यांचा 'मनीटॉक' 2018 पर्यंत चालला, लोक फोन करून शंका विचारायचे. विकत घेतलेला तास त्याच साच्यात स्वतःला बसवतो आणि ती पुण्याई आयती वापरतो.

आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक काका आहेत. वय 71, आयुष्यभर इंजिनीयर, पै-पैचा हिशोब ठेवणारे. गणपतीत भेटले तेव्हा म्हणाले, "अगं, फोर-ओ-वन-के मधले सगळे पैसे काढून त्या रेडिओवाल्याकडे ठेवायचं म्हणतोय." मी विचारलं, त्याची चौकशी केलीत का? तर म्हणाले, "अगं, रेडिओवर येतो तो. उगाच कुणाला रेडिओवर घेतात का?"

या एका वाक्यात सगळं आलं. ज्या पिढीला आकाशवाणीने बातम्या सांगितल्या, हवामान सांगितलं, त्या पिढीला रेडिओवरचा आवाज पारखून घ्यायची सवयच नाही. आणि नेमक्या याच पिढीच्या हातात निवृत्तीची पुंजी आहे.

फोननंतर येतं ते फुकटचं जेवण. बऱ्यापैकी हॉटेल, पांढरे टेबलक्लॉथ आणि आलेखांचा मारा. काका-काकू गेले होते. तिथे जे दाखवलं ते होतं इंडेक्स्ड ॲन्युइटी: बाजार चढला तर फायदा, पडला तर तोटा नाही. ऐकायला किती छान! पण फायद्याला बहुधा कमाल मर्यादा असते. ती 6 टक्के असेल, तर बाजार 20 टक्के चढला तरी तुम्हाला मिळणार 6 टक्केच. शेअर्सवरचा लाभांश सहसा त्यात धरत नाहीत. आणि लवकर पैसे काढले तर दंड, तोही बरीच वर्षं. काकूंनी जेवताना सरळ विचारलं, "यात तुम्हाला किती मिळतात?" उत्तर आलं की ते कंपनी देते, तुमच्या खिशातून काही जात नाही. काकू घरी येऊन करार वाचत बसल्या. दंडाची मुदत होती 10 वर्षं. काका म्हणाले, "म्हणजे मी 81 चा होईन!" सही झाली नाही.

ॲन्युइटी म्हणजे फसवणूक असं मी म्हणत नाही. ठरावीक उत्पन्न हवं असलेल्या काही जणांना ती सोयीची पडते. पण कमिशनवर विकली जाणारी वस्तू 'सल्ला' म्हणून पुढे आली की ऐकणारा आपली ढाल खाली ठेवतो. 2007 साली एसईसी, फिनरा आणि राज्यांच्या नियामकांनी अशी 'फुकट जेवणं' देणाऱ्या 110 कंपन्यांची तपासणी केली होती. शिक्षणाच्या नावाखाली झालेले सगळेच्या सगळे कार्यक्रम विक्रीसाठी होते. जवळपास निम्म्या ठिकाणी अतिशयोक्त किंवा दिशाभूल करणारे दावे आढळले आणि 13 टक्के ठिकाणी चक्क फसवणुकीची चिन्हं.

आणि सरळसरळ दरोडेही पडले आहेत. टेक्सासमध्ये विल्यम नील गॅलाघर हे गृहस्थ 'मनी डॉक्टर' म्हणून ख्रिस्ती रेडिओवर यायचे, चर्चमध्ये भेटू म्हणून निरोप घ्यायचे. म्हाताऱ्या माणसांचे लक्षावधी डॉलर्स त्यांनी गिळले. 2021 मध्ये त्यांना तीन जन्मठेपा झाल्या. मिनेसोटाचे पॅट कायली 'फॉलो द मनी' नावाचा कार्यक्रम करायचे. ज्या घोटाळ्यासाठी ते रेडिओवरून गिऱ्हाईक आणत होते, तो 19 कोटी डॉलर्सचा निघाला. 2012 मध्ये ते दोषी ठरले. दोघेही तुरुंगात गेले, पण ज्यांची पुंजी बुडाली त्यांना पुन्हा तिशीपासून नोकरी थोडीच करता येते?

कोणी म्हणेल, स्टेशनने काय करावं, वर्तमानपत्रही जाहिराती छापतंच की. बरोबर. पण वर्तमानपत्रातली जाहिरात जाहिरातीसारखी दिसते, तिच्याभोवती चौकट असते. आवाजाला चौकट नसते, ती बोलूनच काढावी लागते. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक ब्रेकनंतर 'हा तास अमक्याने विकत घेतला आहे' असं सावकाश, समजेल असं सांगा. पाच सेकंदांचं काम आहे. आणि वेळ विकण्याआधी त्या माणसाची सरकारी नोंद बघा. फिनराच्या 'ब्रोकरचेक'वर आणि एसईसीच्या संकेतस्थळावर ती फुकट बघता येते. पंसारीसुद्धा उधार देण्याआधी चौकशी करतो. स्टेशन तर स्वतःची पत उधार देत असतं.

तोवर आपल्या आई-वडिलांना, काका-काकूंना तीन प्रश्न तेवढे पाठ करून द्या. तुम्हाला पैसे कोण देतं? मला हे मोडायचं झालं तर किती कापाल? आणि तुमचा 'फॉर्म सीआरएस' कुठे आहे? नोंदणीकृत ब्रोकर आणि सल्लागारांनी सामान्य ग्राहकाला हे छोटं माहितीपत्रक देणं 2020 पासून सक्तीचं आहे. समोरचा जर म्हणाला की मी फक्त विमा विकतो, मला ते लागू नाही, तर उत्तमच. तो कोण आहे ते त्याने स्वतःच सांगितलं. रेडिओवर तासभर ऐकूनही जे कळलं नव्हतं, ते एका वाक्यात कळलं :-)